भरती येते तेव्हा किडे कुठे जातात?

ओहोटी लागली की खाडीकाठचा चिखल उघडा पडतो आणि तासाभरात त्यावर वर्दळ सुरू होते. दाभोळची खाडी असो, रेवदंड्याची असो की ठाण्याची, चित्र साधारण सारखेच. ओल्या गाळावर बारीक माश्या घिरट्या घालतात. काळपट ठिपके टुणकन उडतात आणि हातभर पुढे जाऊन बसतात. गाळाला जागोजागी बारीक भोके पडलेली दिसतात. चिखल्या आणि तुतवार पक्षी तुरुतुरु धावत तिथून काही तरी टिपत असतात. मग पाणी फिरते. सहा तासांत तोच चिखल पुरुषभर पाण्याखाली जातो. पुन्हा ओहोटी येते आणि किडे पुन्हा हजर!

हे किडे नव्याने आलेले असतात का? काही उडून उंच काठावर जातात आणि पाणी ओसरल्यावर परततात, हे खरे. पण पुष्कळसे कुठेही गेलेले नसतात. ते तिथेच, पाण्याखाली असतात.

कोडे इथेच सुरू होते. कीटकाला आपल्यासारखे फुप्फुस नसते आणि पूर्ण वाढ झालेल्या कीटकाला माशासारखे कल्लेही नसतात. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात. त्यांना श्वासरंध्रे म्हणतात. हवा या छिद्रांतून आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. ही छिद्रे पाण्याने भरली की किडा गुदमरतो. मग काही मिलिग्रॅम वजनाचा हा जीव दिवसातून दोनदा येणाऱ्या पाण्यातून वाचतो कसा?

काठावर कोण कोण राहते?

उत्तराकडे जाण्याआधी या रहिवाशांची ओळख करून घ्यायला हवी. खाडीचा काठ, नदीचा काठ, तळ्याची आणि धरणाच्या पाणफुगवट्याची ओली कड, सगळीकडे नमुने वेगळे असले तरी काही घराणी सारखी भेटतात.

पहिले घराणे ढेकणांच्या नात्यातल्या काठकिड्यांचे. शास्त्रज्ञ त्याला ‘साल्डिडी’ म्हणतात. जगात यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. लांबी बहुधा ३ ते ६ मिलिमीटर, अंग लंबगोल, रंग काळपट, पंखांवर फिकट ठिपके. भिंगातून पाहिले तर आधी नजरेत भरतात ते डोळे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले हे टपोरे डोळे चारी बाजूंची हालचाल टिपतात, म्हणूनच माणसाची सावली पडायच्या आत किडा उडालेला असतो. तोंडाशी घडी घातलेली सोंड असते. गाळात माश्यांच्या अळ्या हुडकून तो ही सोंड त्यांच्यात खुपसतो आणि आतला रस शोषतो.

दुसरे घराणे वाघभुंगेऱ्यांचे. लांब पाय, विळ्यासारखे जबडे आणि नजर ठरणार नाही असा वेग. हिपेथा बायरामोसा नावाची यांची एक जात भारताच्या समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूवर धावताना दिसते. ऑस्ट्रेलियातल्या एका वाघभुंगेऱ्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर मोजला गेला आहे. हा भुंगेरा थोडे धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे कोल गिल्बर्ट यांनी याचे कारण शोधले. भरधाव पळताना त्याच्या डोळ्यांना भक्ष्याचे चित्र तयार करण्याइतका प्रकाश गोळा करता येत नाही. म्हणून तो थांबतो, भक्ष्य कुठे आहे ते पाहतो आणि पुन्हा सुटतो.

याशिवाय काठाच्या ओल्या मातीत बिळे करणारे, नाकतोड्यांच्या नात्यातले अगदी छोटे किडे असतात. वाळू-गाळावरचे शेवाळ खाणारे आखूड पंखांचे भुंगेरे असतात. आणि एफिड्रिडी घराण्यातल्या काठमाश्या तर जिथे कोणी राहणार नाही तिथेही राहतात. कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या अळ्या जमिनीतून पाझरणाऱ्या खनिज तेलाच्या डबक्यांत वाढतात.

लहान अंगाचे गणित

या सगळ्यांच्या युक्त्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. ते फार लहान आहेत. लहानपणामुळे पाण्याशी असलेले नातेच बदलते.

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. पाण्याच्या पोटातल्या रेणूला ही ओढ चहूबाजूंनी असते. पृष्ठभागावरच्या रेणूला मात्र वरच्या बाजूने ओढणारे पाणी नसते. त्यामुळे पृष्ठभाग आक्रसून, ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो. या गुणाला पृष्ठताण म्हणतात. आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपल्या वजनापुढे त्याचे बळ नगण्य आहे.

आता एखादा प्राणी सगळ्या बाजूंनी दहापट लहान झाला असे धरू. त्याची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट घटली, म्हणजे वजन हजारपट घटले. पृष्ठताणाचा आधार मात्र अंग जिथे पाण्याला टेकते त्या कडेच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि ती लांबी फक्त दहापट घटते. म्हणजे वजनाच्या तुलनेत पाण्याची पकड शंभरपट वाढली. मिलिमीटरभराच्या जगात वजन जवळजवळ बिनमहत्त्वाचे ठरते आणि पाण्याचा पापुद्रा सर्वेसर्वा होतो.

ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६च्या एका निबंधात हाच हिशेब मांडला होता. माणूस पाण्यातून बाहेर येताना अंगावर साधारण अर्धा किलो पाणी घेऊन येतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. भिजलेल्या उंदराच्या अंगावर त्याच्या वजनाइतके पाणी चिकटते. भिजलेल्या माशीला स्वतःच्या कितीतरी पट वजन पेलावे लागते. पाण्याने एकदा पकडले की तिची सुटका कठीण.

तेव्हा काठावरच्या किड्यापुढचा पहिला प्रश्न भिजायचे नाही, हा आहे. बुडण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

अंगाला गुंडाळलेली हवा

अळूचे पान पाण्यात बुडवून तिरके धरले तर ते चांदीसारखे चमकते आणि बाहेर काढल्यावर कोरडेच असते. पानावर मेणाचा थर आणि अतिसूक्ष्म उंचवटे असतात. त्या उंचवट्यांच्या मधे हवा अडकते आणि पाणी पानाला प्रत्यक्ष टेकतच नाही. चमकते ती ही अडकलेली हवा.

काठावरच्या कित्येक किड्यांचे अंग याच तत्त्वावर बनलेले आहे. उंचवट्यांच्या जागी तिथे दाट लव असते आणि लवेवर मेण. किडा पाण्याखाली गेला की लवेत हवेचा पातळ थर अडकून राहतो. श्वासरंध्रे या थरात उघडतात, म्हणून त्यांत पाणी शिरत नाही.

पण एवढीशी हवा किती वेळ पुरणार? यातली खरी गंमत १९१५ साली रिचर्ड एगे या डॅनिश शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून कळली. हवेचा बुडबुडा घेऊन पाण्याखाली गेलेले पाणकिडे सुमारे सहा तास जगले. बुडबुड्यात साध्या हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन भरला तेव्हा ते पाऊण तासही टिकले नाहीत. श्वासाला लागणारा वायू जास्त आणि आयुष्य कमी, हे कसे?

कारण बुडबुडा ही नुसती साठवण नसते, तो कल्ल्याचे काम करतो. किडा बुडबुड्यातला ऑक्सिजन वापरतो. तिथले त्याचे प्रमाण घटले की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बुडबुड्यात शिरू लागतो. हे चालू राहायला बुडबुड्याचा आकार टिकला पाहिजे आणि तो टिकवतो नायट्रोजन. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, किडा तो वापरत नाही आणि पाण्यात तो फार सावकाश विरघळतो. शुद्ध ऑक्सिजनच्या बुडबुड्यात हा आधारच नसतो, त्यामुळे वायू वापरला जाताच बुडबुडा आटून जातो.

लव पुरेशी दाट आणि ताठ असेल तर हवेचा थर आक्रसतच नाही आणि हा कल्ला कायमचा होतो. युरोपातल्या नद्यांच्या तळाशी राहणाऱ्या अफेलोकायरस या किड्याचा अभ्यास थॉर्प आणि क्रिस्प यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. त्याच्या अंगावर एका चौरस मिलिमीटरमध्ये २० ते २५ लाख केस भरले. हा किडा श्वासासाठी पाण्यावर येतच नाही. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात दगडांच्या भेगांत राहणारा एफोफिलस नावाचा किडाही अशाच हवेच्या थरावर पाण्याखालचा काळ काढतो.

या युक्तीची सर्वांत अवघड परीक्षा कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरावर होते. हे पाणी समुद्राच्या जवळजवळ तिप्पट खारे आहे आणि त्यात धुण्याच्या सोड्याचे, म्हणजे सोडियम कार्बोनेटचे, प्रमाण मोठे आहे. असे सोड्याचे पाणी कसे असते हे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहिलेल्यांना माहीत असते. मोनोच्या काठावरची माशी चालत चालत या पाण्यात उतरते, हवेचा बुडबुडा अंगाभोवती घेऊन तळाशी शेवाळ खाते, अंडी घालते आणि पंधरा मिनिटांपर्यंत खाली राहून कोरडीच वर येते. बुडबुडा तिचे सगळे अंग झाकतो, डोळे मात्र उघडे राहतात, त्यामुळे तिला पाण्याखाली दिसते. फ्लोरिस फान ब्रॉयगेल आणि मायकेल डिकिन्सन यांनी २०१७ साली दाखवले की सोड्याच्या पाण्यात साध्या माश्या भिजून अडकतात. मोनोची माशी वाचते ती इतर माश्यांपेक्षा दाट लव आणि वेगळ्या मेणामुळे.

काडीएवढे दार

प्रत्येक किड्याकडे असा हवेचा अंगरखा नसतो. मग काही जण घर असे बांधतात की पाणी आतच येऊ नये.

ब्लेडियस स्पेक्टॅबिलिस हा इंग्लंडच्या खाजणांत, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या सपाट जमिनीत, राहणारा आखूड पंखांचा भुंगेरा आहे. खाजणाचा चिखल खाली काळा असतो आणि उकरला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे ऑक्सिजन नसल्याची ती खूण आहे. या चिखलात मादी बाटलीच्या आकाराचे बीळ करते. आत ऐसपैस पोकळी, वर अरुंद मान. मानेची रुंदी आगपेटीतल्या काडीएवढी, साधारण दोन मिलिमीटर.

एवढ्या अरुंद तोंडाशी पाण्याचा पापुद्रा ताणून बसतो. आतली हवा वर निघू शकत नाही आणि म्हणून पाणी खाली येऊ शकत नाही. भरती वरून जाते, बीळ कोरडे राहते. ट्रिस्ट्रॅम वायट यांनी १९८६ साली या बिळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून मादीचे कामही उघड झाले. पाणी चढू लागले की ती तोंड बुजवते. ओहोटीला ते मोकळे करते, म्हणजे ताजी हवा आत येते. बिळातच कप्पे करून ती अंडी घालते, पिल्लांना शेवाळ आणून देते आणि परोपजीवी गांधीलमाशीला हुसकावून लावते. मादी नसली तर बिळाला पाणी, बुरशी आणि शत्रू या तिघांपासून धोका असतो. किड्यांमध्ये असे आईपण दुर्मीळ आहे. या भुंगेऱ्याची मात्र त्यावाचून पिढी पुढे जात नाही.

ऑस्ट्रेलियात खारफुटीच्या पोकळ फांद्यांत राहणाऱ्या कॅम्पोनोटस अँडरसेनी या मुंग्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या आहेत. पाणी फांदीपर्यंत चढले की एक सैनिक मुंगी आपले डोके दाराच्या भोकात घट्ट बसवते. डोक्याचा आकारच भोकात बेतशीर बसणारा असतो. आत कोंडलेल्या मुंग्यांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, तसतसे त्यांचे शरीर ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवण्याच्या मार्गाकडे वळते. पाणी उतरले की डोके बाजूला होते. ही मुंगी ज्या झाडात राहते ती पांढरी चिप्पी कोकण किनाऱ्यावरही आहे. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

चंद्राच्या तालावर चालणारे घड्याळ

अंगरखा असो की दार, वेळ चुकली तर दोन्ही निरुपयोगी. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात. किड्याला ते सांगणारे कोणी नसते आणि भरतीची वेळ तर रोज पुढे सरकते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, कारण ती चंद्रामागे चालते.

जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर खारफुटीच्या चिखलात एक छोटा रातकिडा राहतो. तो ओहोटीला चिखलावर फिरून खातो आणि भरतीला उंचावर जाऊन बसतो. सातोह आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे रातकिडे प्रयोगशाळेत कायम अंधारात ठेवले. तिथे ना पाणी होते, ना लाटा, ना उजेड. तरीही ते दर साडेबारा तासांच्या सुमारास चपळ होत आणि मधल्या वेळात स्वस्थ बसत. भरतीचे घड्याळ त्यांच्या शरीरातच होते.

२०१२ साली पुढचा प्रयोग झाला. दिवस-रात्रीचे घड्याळ चालवणाऱ्या ‘पिरियड’ या जनुकाचे काम शास्त्रज्ञांनी या रातकिड्यात दाबून टाकले. दिवस-रात्रीचा ताल बिघडला, भरती-ओहोटीचा ताल मात्र तसाच राहिला. म्हणजे एवढ्याशा डोक्यात सूर्याचे आणि चंद्राचे घड्याळ वेगवेगळे चालते.

उधाण आणि भांग यांतला फरक कोकणातल्या कोळ्याला सांगावा लागत नाही. उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही उतरते; भांगात हा चढउतार सर्वांत कमी असतो. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरची क्लुनियो मरिनस ही चिलटासारखी माशी याच दिवसांवर जगते. उधाणाच्या दिवसांतल्या सर्वांत खोल ओहोटीलाच तिच्या अळ्यांची वस्ती उघडी पडते. त्या थोड्या तासांत कोष फुटतात, पंखवाला नर बिनपंखी मादीला शोधतो, मीलन होते, अंडी घातली जातात आणि दोघेही मरतात. प्रौढ अवस्थेत ते काही खात नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिश नॉयमान यांनी या माश्या प्रयोगशाळेत वाढवल्या आणि कृत्रिम चांदण्याच्या उजेडावर त्या आपला महिना जुळवून घेतात हे दाखवले.

पाण्यावरून उडी

वेळ चुकली आणि पाण्यात पडले तर? नाकतोड्यांच्या नात्यातले बिळे करणारे छोटे किडे वर आले आहेत. त्यांची दक्षिण आफ्रिकेतली झाया कॅपेन्सिस ही जात जेमतेम साडेपाच मिलिमीटर लांब आणि आठ मिलिग्रॅम वजनाची. गोड्या पाण्याच्या काठावर ती बिळे करून राहते. जमिनीवरून ती सव्वा मीटरहून लांब उडी मारते. उडताना पाण्यात पडली तर पाण्यावरूनही उडते.

केंब्रिजचे माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी वेगवान कॅमेऱ्याने ही उडी टिपली आणि २०१२ साली तिचे वर्णन केले. किड्याच्या मागच्या पायांवर वल्ह्यासारखे चपटे पाते आणि काटे असतात. एरवी ते पायाला चिकटून मिटलेले राहतात. पाय पाण्यात जोराने मारला की ते फुलतात आणि पायाचे क्षेत्रफळ वाढते. पाय पाण्याचा एक गोळा खाली ढकलतो, किडा सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने वर उडतो आणि पाते पुन्हा मिटतात. डोळा मिटायच्या आत तो काठावर पोहोचलेला असतो.

काही किड्यांनी काठ सोडून थेट समुद्रावरच मुक्काम केला. जगात कीटकांच्या दहा लाखांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राखाली आहे. तरी भर समुद्रात आयुष्य काढणाऱ्या कीटकांच्या जाती फक्त पाच. पाचही हॅलोबाटिस या एकाच कुळातल्या. पंख नसलेला, पाच-सहा मिलिमीटरचा, लांब पायांचा हा किडा लाटांच्या पापुद्र्यावर धावतो. त्याचे बाकीचे चुलते अजून किनाऱ्यालगत आणि खारफुटीच्या खाड्यांत राहतात.

रशियन जहाज ‘रुरिक’च्या १८१५ ते १८१८च्या सफरीत योहान एशशोल्ट्स यांनी हे किडे गोळा केले आणि १८२२ साली त्यांचे पहिले वर्णन छापले. तांबड्या समुद्रातल्या हॅलोबाटिसवर गौरी महाडिक आणि सहकाऱ्यांनी सौदी अरेबियातल्या विद्यापीठात काम केले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. अंगावरची विशिष्ट आकाराची लव आणि मेण त्याला भिजू देत नाहीत. आणि अंग छोटे असल्यामुळे लाट फुटताना किंवा शत्रू आल्यावर तो विलक्षण झपाट्याने उसळी घेतो.

हॅलोबाटिस अंडी घालतो ती तरंगणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे पिसावर, शंखावर, लाकडाच्या तुकड्यावर. उत्तर पॅसिफिकमध्ये प्लास्टिकचे बारीक तुकडे वाढले तशी त्याची अंडीही त्यांवर वाढल्याचे २०१२च्या एका अभ्यासात दिसले. अंडी घालायला जागा वाढली म्हणून हा किडा वाढला, तर तो ज्यांना खातो आणि त्याला जे खातात त्या सगळ्यांचा तोल बदलतो.

थोडक्यात

• कीटक अंगावरच्या श्वासरंध्रांतून हवा घेतात. त्यांत पाणी शिरले तर ते गुदमरतात.
• अंग लहान झाले की वजनाचे महत्त्व घटते आणि पृष्ठताणाचे वाढते.
• दाट, मेणकट लव अंगाभोवती हवा धरते. पाण्यातला ऑक्सिजन या हवेत शिरतो आणि तिचा कल्ला होतो.
• दोन मिलिमीटर रुंदीच्या दारातून पाणी बिळात उतरत नाही.
• काही किड्यांच्या शरीरात भरती-ओहोटीचे स्वतंत्र घड्याळ असते.
• पाण्याचा पापुद्रा काहींना चालायला आणि उडी मारायला उपयोगी पडतो.

काठ बिघडला तर काय बिघडते?

वरच्या प्रत्येक युक्तीला एक अट आहे, आणि नेमक्या या अटी आज मोडल्या जात आहेत.

पहिली अट स्वच्छ पाण्याची. हवेचा थर कल्ल्यासारखा चालतो तो पाण्यात ऑक्सिजन असेल तरच. सांडपाण्याने पाण्यातला ऑक्सिजन संपला की उलटे होते आणि थरातला ऑक्सिजन पाण्यात जाऊ लागतो. साबण आणि डिटर्जंट पृष्ठताण घटवतात. फेसाळलेल्या नदीत पाण्याचा पापुद्रा दुबळा होतो, लव भिजते आणि जो किडा पाण्यावर धावत होता तो बुडतो.

दुसरी अट उताराची. नैसर्गिक काठावर कोरड्या मातीपासून ओल्या गाळापर्यंत एक हळूहळू उतरणारा पट्टा असतो. कोणी त्याच्या वरच्या भागात बीळ करतो, कोणी मधल्या, कोणी पाण्याला लागून. पाणी वाढले की वर सरकायला जागा असते. काठाला सिमेंटची उभी भिंत बांधली की हा सगळा पट्टा एका रेषेत संपतो. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला फरशी, मधे कोणालाच घर नाही. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या मिळून ४४ किलोमीटर लांबीच्या पात्राचे काठ नव्याने घडवण्याचे काम हाती घेतले आहे. राज्यातल्या इतर शहरांतही नदीकाठ सुशोभित करण्याची चढाओढ आहे. त्या आराखड्यांत झाडे आणि पक्षी यांची चर्चा होते, ओल्या मातीच्या पट्ट्याची क्वचितच होते.

तिसरी अट शांततेची. वाघभुंगेऱ्याची अळी वाळूत उभे बीळ करून त्याच्या तोंडाशी दबा धरून बसते. चपट्या डोक्याने ती तोंड बंद करते आणि पाठीवरच्या आकड्यांनी बिळाच्या भिंतीला घट्ट धरून राहते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका वाघभुंगेऱ्याच्या अळ्या अशा दोन वर्षे पुळणीत काढतात. एकेकाळी मॅसॅच्युसेट्सपासून न्यू जर्सीपर्यंत विपुल असलेला हा भुंगेरा पुळणीवरची वर्दळ आणि गाड्या यांमुळे बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला. १९९० साली त्याला संकटग्रस्त जातींच्या सरकारी यादीत घ्यावे लागले. कोकणातल्या पुळणींवर आज सुट्टीच्या दिवशी गाड्या फिरवल्या जातात. चाकांखाली कोणाची घरे जातात ते दिसत नाही, एवढाच फरक.

हे किडे गेले तर त्यांच्यावर पोसणारे चिखल्या, तुतवार आणि धोबी पक्षी उपाशी राहतात. शेवाळ आणि कुजका पाला खाऊन गाळ हलता ठेवणारे कामकरी जातात. माश्यांच्या अळ्यांवर ताबा ठेवणारे शिकारी जातात.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने आपल्या भागाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावाच्या हद्दीत नदी, तळे किंवा खाडी असेल तर त्या नोंदवहीत काठावरच्या किड्यांसाठी एक पान जरूर ठेवावे. शाळेतल्या मुलांना साधे भिंग द्यावे, ओहोटीच्या वेळी किंवा पाणी उतरल्यावर काठावर न्यावे आणि त्यांनी जे पाहिले ते तारीख-वेळेसह लिहून घ्यावे. काठाच्या बांधकामाचा आराखडा समोर येईल तेव्हा निदान काही अंतर मातीचा उतार तसाच राखण्याची मागणी ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत करावी. तिथे काय राहते याची नोंद हाती असेल तर ती मागणी टाळणे सोपे जाणार नाही.